गेनूतात्यांचा रजेवरचा हात

मी गेनूतात्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते वारूळवाडीतल्या एका लग्नाच्या पंगतीत. माणूस मांडी घालून शांतपणे बुंदी खात होता आणि त्याच्या उजव्या मनगटाला रुमालाने एक चमचा घट्ट बांधलेला होता. मला वाटलं, हात मोडला असेल, आयत्या वेळी फळी मिळाली नसेल. मी शेजारच्याला विचारलं, "पावण्यांच्या हाताला काय झालंय?"

शेजारचा वाढप्याला पानातली रिकामी जागा दाखवत म्हणाला, "काय नाय झालं. तपासणी चाललीय. नवरीच्या मामानं चांदीचे चमचे दिलेत म्हणं. हायेत का नाय, ते तात्या उद्या सांगत्याल."

"उद्या?"

"अंगाला येळ लागतो ना, राव!"

या अंगाची हकीकत अशी. तात्यांनी पिंपरीकडे एका कारखान्यात बरीच वर्षं निकेलच्या टाकीवर काम केलं होतं. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या, कुलपं, सगळं टाकीत बुडवायचं आणि चकाचक करून बाहेर काढायचं. त्या पाण्याने त्यांच्या कातडीचं आणि निकेलचं असं वैर जमलं की निकेल अंगाला लागून राहिलं की दुसऱ्या दिवशी तिथे लाल चट्टा उठायचा आणि खाज सुटायची. डॉक्टरने सांगितलं, टाकी सोडा. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावत घरी बसला असता. तात्या गावी आले आणि त्यांनी खाजेलाच कामाला लावलं!

कुणाच्या घरी चांदीची म्हणून वस्तू आली की तात्या ती आधी टिचकी मारून कानाशी धरायचे. मग खिशातलं सुतळीला बांधलेलं चुंबक तिच्यावरून फिरवायचे. आणि एवढ्यावर समाधान झालं नाही की ती वस्तू मनगटाला बांधून घरी घेऊन जायचे. "उद्या सांगतो," एवढंच म्हणायचे. दुसऱ्या दिवशी चट्टा आला की भर ओट्यावर निकाल.

"जर्मन शिल्वर. तांबं साठ, निकेल वीस, जस्त वीस. झालं शंभर. आता चांदी कुठं बसवू, तुमीच सांगा!"

कुणी वाद घातला तर मनगट पुढे करायचे. "तोंड खोटं बोलंल, पावणं. अंग नाय बोलणार."

स्वतः तात्या निकेलपासून असे जपून राहायचे जसं दुसरं कुणी सापापासून राहील. कमरेला पट्टा नाही, कारण बक्कल. पायजम्याला नाडी. घड्याळ नाही. चष्म्याच्या काड्यांना दोरा गुंडाळलेला. एसटीचा कंडक्टर सुटे पैसे द्यायला लागला की हे झोळी धरावी तसा रुमाल पसरायचे. कंडक्टर म्हणायचा, "तात्या, भीक मागताय का तिकीट?" तात्या म्हणायचे, "आरं, तुझी नाणी चावत्यात मला."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तर बायका तात्यांना लांबून येताना पाहून दार लोटून घ्यायच्या. आमच्याकडे पूजेत जुने रुपये मांडतात. राणीछाप, राजाछाप, सासूने सुनेला दिलेले. त्यातले पुष्कळसे सत्तेचाळीस सालचे, मागे वाघ असलेले. तो रुपया निव्वळ निकेलचा. तात्या चुंबक धरायचे आणि वाघ टुणकन उडी मारून चुंबकाला चिकटायचा! एका म्हातारीने पन्नास वर्षं हळदकुंकू वाहिलेला रुपया असा सुतळीला लोंबकळताना पाहिला आणि तात्यांना पणती फेकून मारली. तात्या पणती चुकवून म्हणाले, "पूजा करा की, आजी. पूजेला काय बी चालतं. मोडायला जाऊ नका, एवढंच सांगाया आलतो."

आणखी एक गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. तात्या उजवी बाही कोपराच्या वर दुमडायचे आणि डावी मनगटापर्यंत बटण लावून बंद ठेवायचे. वैशाखात, उन्हात, उघड्यावर नारळाचं पाणी पितानासुद्धा! डाव्या हातावर कधी कुणाची वस्तू बांधली नाही. कुणी म्हणायचं तेजाब सांडलंय. कुणी म्हणायचं पिंपरीला असताना कुणा बाईचं नाव गोंदलंय, म्हणून बायकोपासून लपवतात. माझं मत गोंदणाच्या बाजूला होतं. मी एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाले, "त्यो हात रजेवर हाय."

आता माझं सांगतो, कारण माझं सांगितल्याशिवाय माझा राग कळायचा नाही, आणि राग कळला नाही तर पुढचं सगळं फुकट.

मी आळे गावचा. बापाने मागे काही ठेवलं नाही. नारायणगावच्या बाजारात पोतं अंथरून भांडी विकायला बसलो ते नव्वदच्या सुमाराला. दुकान नव्हतं, वीज नव्हती. छोटी छिन्नी आणि हातोडी होती. भांडं घेतलं की त्यावर मी नाव घालून द्यायचो, टकटक टकटक, एकेक ठिपका. पहिल्या वर्षी गिऱ्हाईक धरायचं म्हणून नावाच्या शेवटी पाच ठिपक्यांचं एक फूल फुकट घालायचो. बायका त्या फुलासाठी माझ्याकडे यायच्या. पुढे धंदा वाढला, नाव घालायचं विजेचं यंत्र आलं, फूल बंद केलं. फुकट काय म्हणून द्यायचं? सात-आठ वर्षांत मी पोत्यावरून गाळ्यात गेलो, गाळ्यातून रस्त्यावरच्या दुकानात. भाव करण्यात मला जुन्नर-आंबेगावात हरवणारा मी अजून पाहिला नाही. रागाचं म्हणाल, तर दुकानातल्या दोन काउंटरच्या काचा मीच फोडलेल्या आहेत, वेगवेगळ्या वेळी.

तर अशा मला गेनूतात्यांनी मंचरात कायमचा आडवा केला.

मंचरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने मुलीच्या रुखवतासाठी माझ्याकडून सेट नेला. ताट, दोन वाट्या, तांब्या-भांडं, निरांजन, पळी. मी बोललो होतो, "शेठ, सिल्व्हर सेट आहे." चांदी म्हणालो नव्हतो! आणि शेठ काय दूधखुळा होता? जो माणूस कांद्याच्या ढिगाकडे नुसतं बघून गोणी सांगतो, त्याला एवढ्या भावात चांदीचं ताट येत नाही हे कळत नव्हतं? सगळं कळत होतं. त्याने दोन तास घासाघीस केली, मी त्याला पळी वर दिली, दोघंही खूश. पण मांडवात त्याने रुखवतासमोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "अस्सल चांदी."

मुलगी आळ्याला दिली होती. नवरदेवाकडून पाहुणे म्हणून कोण आलं होतं? आमचे खाजेचे वैद्य, गेनूतात्या! वारूळवाडीहून खास. त्यांनी ती पळी मनगटाला बांधली आणि दुसऱ्या दिवशी आळ्यात, सत्यनारायणाला, सगळ्यांच्या देखत रुमाल सोडला. चट्टा लालभडक.

शेठने काय करावं? स्वतःची लाज झाकायला सगळा सेट पोत्यात भरून माझ्या दुकानात आणला आणि काउंटरवर ओतला. "मला फसवलं!" गिऱ्हाईकं भरलेली, सणाचे दिवस! मी ओरडलो, "मी चांदी म्हणालो होतो का? सांगा, म्हणालो होतो का?" पण ओरडणाऱ्या दुकानदाराचं कोण ऐकतं? त्या वर्षापासून मंचरचं एक गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही. मंचर! आंबेगाव तालुक्यातला सगळा पैसा जिथे आठवड्याला गोळा होतो, ते मंचर!

यावर मीठ चोळायला तात्या माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. बाजाराच्या दिवशी हटकून. दुकानातून बाई बाहेर पडली की यांचा आवाज, "ताई, वाटी बघू. किती म्हणून दिली? चांदी म्हणून तर नाय ना?" स्टीलचं पातेलं असलं तर त्यालाही चुंबक. हलक्या पत्र्याला चुंबक धावतं, हे बायकांना यांनीच शिकवलं. मग बायका पिशवीत स्वतःची चुंबकं घेऊन यायला लागल्या! मी गल्ल्यावरून ओरडायचो, "तात्या, दुसऱ्याच्या पोटावर किती दिवस पाय देणार?"

तात्या बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "शेठ, मी कुठं काय बोलतोय? अंग बोलतंय."

सांगतो ते खरं सांगतो, मला एकच इच्छा उरली होती. हा म्हातारा एकदा, फक्त एकदा चुकलेला सापडावा. भर ओट्यावर, चार माणसांत. त्यासाठी मी काय केलं नाही? एकदा खऱ्या चांदीची वाटी माणूस पाठवून यांच्याकडे दिली, "जर्मन सिल्व्हर आहे ना, तात्या?" असं पढवून. दुसऱ्या दिवशी वाटी परत. "चांदी हाय. अन् शेठला सांग, वाटी बरी हाय, पर माणूस कच्चा पाठीवला." सात-आठ वर्षं अशी गेली. तात्या चुकले नाहीत.

आणि मग एका दुपारी तात्यांची सून माझ्या दुकानात आली.

तोवर मी चांदीही ठेवायला लागलो होतो. जुनी वस्तू मोडीत घेऊन नवी द्यायचो. तात्यांची बायको, सिंधूकाकू, आदल्या वर्षी वारली होती. मुलगा चाकणला कारखान्यात. सुनेला, मनीषाला, नुकतीच मुलगी झाली होती. तिने पदराआडून कुंकवाचा एक छोटा करंडा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"भाऊ, याचे बाळाला वाळे करून द्या. बारसं पाच दिवसांवर आलंय. सासूबाई जाताना बोलल्या व्हत्या, नात झाली तर माझा चांदीचा करंडा मोडून तिला वाळे घाला म्हणून. तात्यांनी त्यांच्या हातावर हात ठिवून कबूल केलंय."

"मग तात्या नाही आले?"

"ते रोज 'उद्या सांगतो' म्हणत्यात. आज जुन्नरला गेलेत, म्हणून मीच घेऊन आले. त्यांचा जीव अडकलाय त्यात, दुसरं काय."

मी करंडा उचलला. उचलताक्षणीच माझ्या मनात लाडू फुटला! वजन फसवं होतं, आणि झाकणाच्या कडेला जिथे बोटांनी घासून घासून वरचा मुलामा गेला होता तिथे पिवळट झाक मारत होती. जर्मन सिल्व्हर! स्वच्छ, निखळ, शंभर टक्के जर्मन सिल्व्हर!

"ही चांदी आहे असं कोण म्हणालं?" मी आवाज जेवढा साधा ठेवता येईल तेवढा ठेवून विचारलं.

"तात्याच की! सासूबाई दर दिवाळीला त्यांच्याकडून तपासून घ्यायच्या. तात्या झाकण हाताला बांधायचे अन् दुसऱ्या दिशी सांगायचे, 'शंभर नंबरी.' आमी सगळ्यांनी ऐकलंय."

दर दिवाळीला! म्हणजे एकदा नाही, दहा-बारा वेळा चुकला म्हातारा! भांडं हातात आलं की आधी उलटं करून बघायचं हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. त्या दिवशी आनंदाच्या भरात तो नियम मी विसरलो. मनीषाला म्हणालो, "ठेवून जा, ताई. उद्या सांगतो." स्वतःच्या तोंडून तात्यांचं वाक्य निघाल्यावर तर मला हसूच आवरेना.

तात्या जुन्नरहून परत यायची एसटी मला ठाऊक होती. पोरीला घरी पोचू दिलं, दुकान नोकरावर टाकलं, करंडा मोटारसायकलच्या डिकीत घातला आणि निघालो. वाटेत भाषणाची तयारी. पहिलं वाक्य मंचरचं. दुसरं वाक्य पळीचं. तिसऱ्या वाक्याला करंडा वर धरायचा.

तात्या ओट्यावर होते. समोर तीन माणसं, कुणाची तरी समई घेऊन निकालाला बसलेली. देवानेच साक्षीदार पाठवले होते! मी गाडी स्टँडवर लावली आणि रस्त्यावरूनच ओरडलो, "तात्या, एक वस्तू तपासून पाहिजे! आत्ताच्या आत्ता! सगळ्यांच्या देखत!"

"या, शेठ. इतक्या वर्षांनी पाय लागले. बसा तर."

"बसत नाही." मी डिकी उघडली, करंडा काढला आणि आरती धरावी तसा वर धरला. "ही काय आहे, सांगा. उद्या नाही. आज!"

तात्यांनी करंडा पाहिला. या माणसाला मी पणती चुकवताना पाहिलं होतं, शिव्या खाताना पाहिलं होतं. त्यांचा चेहरा असा उतरलेला कधी पाहिला नव्हता. उजवा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला. तिन्ही माणसं माना उंचावून बघायला लागली. त्यातला एक म्हणाला, "हा वहिनींचा चांदीचा करंडा ना, तात्या?"

आता तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. सात-आठ वर्षं मी ज्या घटकेची वाट पाहिली, ती माझ्या तळहातावर होती.

तात्या फार हळू बोलले. "शेठ, आधी उलटा करून बघा. मग बोला."

मी करंडा उलटा केला.

तळाला ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलं होतं. सौ. सिंधू. आणि नावाच्या शेवटी पाच ठिपक्यांचं फूल.

नारायणगावचा बाजार, पोतं, छिन्नी, हातोडी. ते फूल मी एकच वर्ष घातलं होतं आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी घातलं नव्हतं. एक पाकळी जरा बाहेर सरकलेली, कारण त्या छिन्नीचं टोक वाकडं होतं. अजूनही ती छिन्नी माझ्या गल्ल्यात आहे.

"काय झालं, शेठ? बोला की," समईवाला म्हणाला.

"काही नाही," मी म्हणालो. "घरगुती काम आहे. तुम्ही जरा चहा घेऊन या."

कुणासाठी बोललो, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. तात्यांसाठी, की माझ्यासाठी. माणसं समई तिथेच ठेवून गेली.

आम्ही आत जाऊन बसलो. मनीषा बाळाला घेऊन शेजारी गेली होती. देवळीत काकूंचा फोटो होता. मी म्हणालो, "तात्या, मी... मी सिल्व्हर म्हणालो असेन."

"तसंच म्हणालास. तिनं मला सांगितलंय ना. 'मी दुकानदाराला इचारलं, चांदी हाय का? त्यो म्हणाला, ताई, सिल्व्हर हाय, घरात लक्ष्मी चाललीय तुमच्या.'" मगाचा 'शेठ' कुठेतरी गळून पडला होता. "टोमॅटोच्या तोडणीला जायची ती. दोन हंगामांचे पैसे बाजूला टाकले. मी सुट्टीला पिंपरीहून आलो, तर माझे हात धुवायच्या आदी करंडा हातात दिला. म्हणाली, तुमी निकेलवाले, सांगा बरं किती चांदी हाय? मला बोट लागल्या लागल्या कळलं. टाकीत आयुष्य घातलं मी."

"मग?"

"मग काय? तिच्याकडं बघितलं अन् म्हणालो, शंभर नंबरी."

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती. तात्यांनी डाव्या बाहीचं बटण काढलं. बाही वर सरकवली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, करंड्याच्या झाकणाएवढा गोल डाग होता. कातडी तिथे जाड झालेली, काळपट, मधे लाल. दर दिवाळीला त्याच जागेवर झाकण बांधून घेतलेलं.

"उजव्या हातावर बांधून कसं चाललं असतं? त्यो उघडा असतो. दुसऱ्या दिशी तिला दिसला असता ना. ती सकाळी इचारायची, खाजतंय का हो? मी म्हणायचो, नाय गं, चांदी कुठं खाजती का? अन् दिवसभर बाहीतनं हात बाहेर काढायचो नाय. घामानं जास्त खाजतं. दिवाळीला थंडी असती, तेवढं बरं."

मी त्या डागाकडे बघत होतो. त्यातली एक खूण ताजी होती. काकू जाऊन वर्ष झालं होतं.

मग माझा राग उसळला, कारण दुसरं काही उसळायला येत नव्हतं. "तात्या, एवढं होतं तर तेव्हाच माझ्या पोत्यापाशी येऊन मला दोन मुस्काटात का नाही मारल्या? मंचरात मला का उताणा पाडलात?"

"तुला?" तात्यांना खरंच नवल वाटलं. "तुझा काय संबंध? ती पोरगी नवीन सासरी आलेली. उद्या अडचण आली असती, तर चांदी म्हणून ताट घेऊन सोनाराच्या दारात गेली असती. तिथं चार बायांत तिला कळलं असतं. त्यापरीस आपल्या माणसांत कळल्यालं बरं. तुझ्या दुकानापुढं बी त्यासाठीच बसतो मी. आमची ही बी अशीच एकदा निघाली व्हती करंडा घेऊन, पोराच्या परीक्षेच्या फीसाठी. मी रस्त्यातनं परत आणली. म्हणालो, सायकल इकतो, पर तुझी चांदी मोडायची नाय."

तेव्हा मला आठवलं, तात्या वारूळवाडीहून बाजाराला पायीच यायचे.

"आता मनीषा म्हणती वाळे करा," तात्या फोटोकडे बघत म्हणाले. "अन् मी हिच्या हातावर हात ठिवून कबूल केलंय. पोरीला खरं सांगू, तर ही खोटी पडती. न सांगू, तर नातीचे पाय उघडे राहत्यात. पाच दिवस रोज 'उद्या सांगतो, उद्या सांगतो' चाललंय."

"वाळे मी करतो," मी म्हणालो. "माझ्या दुकानातल्या चांदीचे. मनीषाला सांगू, करंड्याचेच आहेत."

"फुकट नको."

"फुकट कोण देतोय? करंडा मोडीत घेतो!"

"करंडा देणार नाय."

"मग सायकल विकलीत तसं काहीतरी विका!"

"ओरडू नको, फोटो हाय तिथं."

मी आयुष्यात हजारो सौदे केले, पण भाव खाली पाडणारा मी आणि वर चढवणारं गिऱ्हाईक, असा सौदा तो एकच. मी म्हणायचो नुसती घडणावळ द्या, ते म्हणायचे पुऱ्या चांदीचा भाव. मी म्हणालो अर्धा, ते म्हणाले तुझ्या अर्ध्यावर मी थुंकतो. शेवटी तात्यांनी खिशात हात घातला आणि सुतळीचं चुंबक माझ्या मांडीवर टाकलं.

"हे घे. यानं तुझं लई नुकसान केलंय. बरोबरी झाली."

मी चुंबक घेतलं. सौदा मिटला.

बारशाच्या दिवशी मी स्वतः वाळे घेऊन गेलो. नव्वद टक्क्यांच्या पुढची चांदी, घुंगरू बारीक, आतून गुळगुळीत, बाळाला कुठे टोचायला नको. मनीषाने सगळ्या बायकांना दाखवले, "सासूबाईंच्या करंड्याचे हायेत." बायकांनी वाळे कपाळाला लावले. करंडा त्या वेळी तात्यांच्या पेटीत, धोतराच्या घडीत होता. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, वाळे बाळाच्या पायात जायला निघाले आणि तात्या गर्दीतून पुढे आले.

"थांबा. आणा इकडं."

त्यांनी वाळे घेतले, खिशातून रुमाल काढला आणि सगळ्यांच्या देखत उजव्या मनगटाला बांधायला सुरुवात केली!

माझं डोकंच फिरलं. "तात्या! माझी चांदी तपासताय? माझी?"

"बाळाचं अंग हाय, शेठ," तात्या दाताने गाठ ओढत म्हणाले. "उद्या सांगतो."

सगळं बारसं हसलं. मी पान न खाता निघून आलो.

दुसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस नसताना, तात्या टपरीवर न थांबता थेट माझ्या दुकानाची पायरी चढले. उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मनगट काउंटरच्या काचेवर ठेवलं. कातडी साफ, गव्हाळ, एक ठिपका नाही.

"नाय खाजत," ते म्हणाले.

मी चहा सांगितला. त्यांनी चुंबकाकडे पाहिलं. ते मी गल्ल्याच्या वर खिळ्याला टांगलं होतं. बोलता बोलता त्यांचा उजवा हात नकळत डाव्या बाहीवर गेला आणि कापडावरूनच, सावकाश, तिथे खाजवायला लागला.

"आणि हा?" मी विचारलं.

तात्यांनी बाहीचं बटण घट्ट लागलंय का ते बघितलं.

"त्याला काय धाड भरली?" ते म्हणाले. "शंभर नंबरी हाय."